रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग बरं का वाटत नाही?

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, इंदूरला, आणि माझं बरंचसं काम लॅबच्या बाहेरच असतं म्हणजे होम कलेक्शन. सकाळी सकाळी ॲक्टिवाला आइस बॉक्स अडकवायचा आणि निघायचं, सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, मग उलटं राजवाड्याकडे, आणि नऊ-साडेनऊच्या आत सगळ्या उपाशीपोटीवाल्यांचं रक्त घेऊन झालं पाहिजे कारण त्यानंतर लोकांना पोहे-जिलेबी दिसायला लागते आणि मग कोणी कोणाचं ऐकत नाही. कोणी ताई म्हणतं, कोणी दीदी, एका आजोबांनी तर फोनमध्ये माझा नंबर "खूनवाली" म्हणून सेव्ह केलाय (आमचं इंदूरचं मराठी अर्धं हिंदीच असतं, पुण्याच्या लोकांनी हसू नये).

सुई बाहेर आली, कापूस दाबला की जवळजवळ प्रत्येक घरात एकच प्रश्न. "सगळं नॉर्मल येईल ना हो?" मी म्हणते येईल, काळजी नका करू. दुसरं काय म्हणणार. पण खरं सांगू का, ज्यांना रिपोर्ट नॉर्मल यायची इतकी घाई असते त्यांनी एकदा तरी विचारावं की ही रेंज आली कुठून.

रिपोर्टवर उजवीकडे छापलेली असते ना, ती. बऱ्याच टेस्टमध्ये ती अशी काढतात की चांगल्या तब्येतीच्या भरपूर लोकांचं रक्त तपासायचं, आकडे लहान-मोठे ओळीने लावायचे, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के सोडून द्यायचे, आणि मधले ९५ टक्के उरले ती झाली रेंज. म्हणजे जे पाच टक्के सोडले ती सुद्धा धडधाकट माणसंच होती! आता गणित करा. एक टेस्ट केली तर निरोगी माणूस रेंजच्या बाहेर जायची शक्यता ५ टक्के. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट एकदम केल्या तर निदान एक तरी आकडा बाहेर जायची शक्यता ६४ टक्के होते. खरंखुरं बघितलं तर टेस्ट एकमेकांशी जोडलेल्या असतात म्हणून हिशोब अगदी तंतोतंत असा बसत नाही, पण दिशा हीच. साखरेचं वेगळं आहे, तिथे आकडा पुढे होणाऱ्या नुकसानावरून ठरवलाय, उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.५ झालं किंवा त्याच्या वर गेलं की डायबेटिस धरतात, आणि ते सीरियसली घ्यायलाच पाहिजे, तिथे मी गंमत करत नाहीये.

पण पॅकेज! सत्तर टेस्ट, ऐंशी टेस्ट, फुल बॉडी, वाढदिवसाला आईबाबांना गिफ्ट द्या. मुलगा बंगलोरला किंवा न्यू जर्सीला असतो, तिथून ॲपवर बुक करतो, इथे मी दार वाजवते, आणि संध्याकाळी रिपोर्ट पीडीएफमध्ये मुलाकडे आणि वडिलांकडे एकदमच पोचतो, आणि त्यात चार आकडे बोल्ड. मग फोन मला. "ताई हे एमसीव्ही १०१ आलंय, काही वाईट तर नाही?" (एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार.) मी डॉक्टर नाही, मला सांगायची परवानगी पण नाही, आणि त्या घराला तर बऱ्याच वेळा डॉक्टरच नसतो, टेस्ट कोणी लिहून दिलेलीच नसते ना. प्रश्न कोणी विचारलाच नव्हता आणि उत्तरं ऐंशी आली. काही पॅकेजमध्ये कॅन्सरचे मार्कर पण घालतात आता. सीए-१२५ हा अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर, पण तो पाळीच्या दिवसांत वाढू शकतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, प्रेग्नन्सीत वाढतं, ज्या बाईला काही त्रास नाही, घरात कोणाला तसा कॅन्सर नाही तिची ती टेस्ट करा असं कुठलीही धड गाइडलाइन सांगत नाही. पण आकडा बोल्ड आला की त्या घरात आठवडाभर कोणी जेवत नाही, मग सोनोग्राफी, मग आणखी काही, आणि शेवटी काही नाही निघालं की सगळे म्हणतात देवाची कृपा. अरे पण मुळात झालं काय होतं?

मी आधी ज्या लॅबमध्ये होते तिथे आम्हाला टार्गेट असायचं, महिन्याला इतकी पॅकेज, सीबीसी घ्यायला गेलीस तर व्हिटॅमिन डी आणि बी-१२ जोडूनच ये, असं. सुई हातात असताना माणूस नाही म्हणत नाही हे मॅनेजरला बरोबर माहिती होतं. सोडली ती. नाव घेत नाही, आणि अशी ती एकटीच नाही.

आता दुसरी बाजू, आणि हीच मला जास्त खुपते.

सुदामा नगरकडे एक काकू आहेत, साठीच्या आसपास. नवऱ्याला पॅरालिसिस होऊन बरेच दिवस झाले, उजवी बाजू गेलेली, बोलणं अर्धवट. मी जायचे काकांचं रक्त घ्यायला. काकू त्यांना उचलून बसवणार, उशा लावणार, हात धरून ठेवणार, आणि मी पट्टा सोडेपर्यंत त्यांच्या कपाळावर हात. एक दिवस म्हणाल्या माझं पण घे गं, फार थकवा वाटतो. घेतलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक, क्रिएटिनिन ठीक, सगळं अगदी मधोमध. रिपोर्ट बघून मुलगी फोनवर म्हणाली बघ आई तुला काही झालेलं नाही. झालेलं नाही कसं? रात्री तीनदा उठायचं, कूस बदलून द्यायची, युरिन बॅग बघायची, स्वतःची पाठ गेलेली, बहिणीकडे खंडव्याला जाऊन किती वर्षं झाली ते सांगता येत नाही. ह्याची ट्यूब कुठल्या रंगाच्या टोपीची? जांभळ्या टोपीत सीबीसी, राखाडीत साखर, लाल-पिवळ्यात बाकी सगळं. काकूंची झोप कशात घेऊ?

आणि उलट बघा. राजवाड्यामागच्या गल्लीतले एक आजोबा, ऐंशीच्या वर. डायबेटिस आहे, बीपी आहे, एक स्टेंट आहे, एका डोळ्याचं दिसणं कमी झालंय, गुडघ्यांबद्दल तर बोलूच नका. त्यांचा रिपोर्ट म्हणजे सगळा बोल्डच बोल्ड. पण सकाळी चालत जाऊन स्वतः दूध आणतात, गणपतीत अथर्वशीर्ष अजून खणखणीत म्हणतात, आणि सराफ्यातला गराडू (तळलेला कंद) हिवाळ्यात एकदा तरी खायचाच असं ठरलेलं आहे, त्यांच्या डॉक्टरांना पण माहिती आहे. ते मला विचारतच नाहीत नॉर्मल येईल का. ते विचारतात, भिया (इंदुरी "भाऊ"), जास्त वाढलं तर नाही ना?

तर ह्या दोघांत आजारी कोण?

जागतिक आरोग्य संघटनेची जी प्रसिद्ध व्याख्या आहे, १९४६ मध्ये लिहिलेली आणि ७ एप्रिल १९४८ पासून लागू झालेली (म्हणून ७ एप्रिलला आरोग्य दिन), ती म्हणते की शरीर, मन आणि समाजातलं जगणं ह्या तिन्हीत पूर्ण सुस्थिती म्हणजे आरोग्य, नुसतं रोग नसणं नाही. काकूंच्या बाबतीत ही व्याख्या एकदम बरोबर बसते, मन आणि समाज त्यात घातले हे त्या काळाच्या मानाने फारच मोठं काम. पण "पूर्ण" म्हटलं की आजोबा गेले बाहेर, आणि आजोबाच काय, पन्नाशीनंतरचे आपण सगळेच बाहेर, चष्मा लागला तरी बाहेर. ह्यावर २०११ मध्ये माख्तेल्ड ह्युबर नावाच्या डच डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या बरोबरच्यांनी बीएमजे ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की आरोग्य म्हणजे जुळवून घेण्याची आणि स्वतःचं स्वतः बघण्याची ताकद असं धरू या. ह्या हिशोबात आजोबा आत येतात, गराडूसकट. पण मला विचाराल तर हिच्यात पण एक फट आहे. काकू तर इतकं जुळवून घेतायत की कोणाला दिसतच नाही. बायकांना जुळवून घ्यायला शिकवायची गरज आहे का आपल्याकडे? त्यांनी जुळवून घेतलं म्हणून त्या निरोगी असं म्हणायला सगळ्या घराला फार सोयीचं पडेल. सुश्रुतसंहितेतला श्लोक आमच्या एका वैद्य काकांच्या दवाखान्यात भिंतीवर असायचा, समदोषः समाग्निश्च वाला, त्यात दोष-अग्नी-धातू सगळं झाल्यावर शेवटी येतं की आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असलं तर तो माणूस स्वस्थ. प्रसन्न! काकूंना ते कोणी विचारलेलं नाही.

आणि विचारायचं कोणी, मुद्दा तिथेच येतो. माझ्या मते डॉक्टर, नर्स, फिजिओ, आमच्यासारखे सुईवाले, सगळ्यांचं समाजातलं खरं काम हे आहे की आकडा त्या माणसाच्या घरापर्यंत नेऊन पोचवायचा, म्हणजे ह्या आकड्याचं तुमच्या घरात, तुमच्या वयात, तुमच्या पैशात काय करायचं ते सांगायचं. औषध लिहिणं त्याच्यानंतर.

एक उदाहरण देते. एका आजींचं एचबीएवनसी ७.८ आलं. आजी रडकुंडीला, सून म्हणते मी सांगतच होते लाडू बंद करा. त्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं रात्री बाथरूमला जाताना चक्कर येते का, घरात रात्री कोण असतं, मागच्या वर्षात पडलात का. आणि एक गोळी कमी केली! कमी! सून बघतच राहिली. पण बरोबर होतं ते, तरुण माणसाला ७ च्या खाली ठेवा म्हणतात, पण ज्यांचं वय झालंय, बाकीचे आजार आहेत, त्यांना ८ पर्यंत सूट देतात कारण साखर एकदम खाली गेली, माणूस पडला, खुबा मोडला तर त्यापुढे ७.८ काहीच नाही. थायरॉइडचं पण तसंच, टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) वयाप्रमाणे थोडं वर सरकतं, आणि २०१७ मध्ये म्हाताऱ्या लोकांवर मोठी ट्रायल झाली होती, टीएसएच थोडंसंच वाढलेलं असताना गोळी देऊन त्यांच्या थकव्यात वगैरे काही फरक पडला नाही. (म्हणून आपली गोळी आपण बंद करू नका हां, डॉक्टरांना विचारा. कोणीतरी करणारच आहे हे वाचून, मला माहितीये.)

त्या डॉक्टरांनी विचारायला किती वेळ घेतला असेल, पाच-सात मिनिटं. पण बाहेर चाळीस पेशंट असले की ती मिनिटं आणायची कुठून हा पण प्रश्न आहे, मी डॉक्टरांना शिव्या देणाऱ्यातली नाही. एमवायच्या (आमचं मोठं सरकारी हॉस्पिटल) ओपीडीत सकाळी एकदा उभं राहून बघा, धार, झाबुआ, खरगोन, कुठून कुठून लोक आलेले असतात, रात्रीच्या बसने, कॉरिडॉरमध्ये चादर टाकून, आणि तिथल्या रेसिडेंटने झोप घेतलेली नसते. आणि प्रायव्हेटला गेलं तर पैसे. सरकारच्याच २०२१-२२ च्या हिशोबात देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९ टक्क्यांच्या वर भाग लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरलाय, हे आधीच्यापेक्षा कमी झालंय, २०१३-१४ मध्ये ६४ होतं, तरी पण ३९ म्हणजे कोणाच्या तरी मुलीचं लग्न पुढे गेलेलं असतं.

आता जरा वेगळं, पण माझ्या डोक्यात हे सगळं एकाच खणात आहे. आमच्या शहराला प्लेगच्या काळात एक विचित्र माणूस मिळाला होता. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचा, शिकलेला जीवशास्त्र आणि करायचा टाउन प्लॅनिंग. तुकोजीराव होळकर तिसरे गादीवर होते तेव्हा त्यांच्याकडे आला, १९१८ मध्ये त्याने दरबाराला इंदूरबद्दल दोन खंडांचा रिपोर्ट दिला. गल्लीबोळात फिरून नकाशे करायचा आणि लोक त्याच्याकडे संशयाने बघायचे कारण साहेब आला की घरं पाडतात हे सगळ्यांना माहिती झालेलं, प्लेगच्या नावाखाली तसंच चाललेलं सगळीकडे. तर ह्याने उलटं केलं. गोष्ट अशी सांगतात की त्याने महाराजांकडून एक दिवसाचं महाराजपण मागून घेतलं आणि जाहीर केलं की ह्या दिवाळीला मोठी मिरवणूक निघणार, पण तिचा रस्ता नेहमीचा नाही, जो मोहल्ला सगळ्यात जास्त साफ होईल, घरं दुरुस्त करेल त्याच्यातून मिरवणूक जाणार. कचरा फुकट उचलून नेऊ. झालं! मिरवणुकीसाठी इंदूर काय पण करेल, आजही रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघा. लोकांनी घरं धुतली, रंगवली, वर्षांचं सामान बाहेर काढलं, आणि सामानाबरोबर उंदीर गेले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, पण घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा एक भलामोठा उंदीर, दोन्ही शेवटी जाळले, आणि सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात झेंडूचे हार घालून, मानाने चालले.

प्लेग उंदराच्या पिसवांतून येतो हे सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं होतं, म्हणजे कारण कळून वीस वर्षं होत आली होती. नुसतं कळून काय होतं, घर तर त्या माणसालाच झाडायचं असतं ना, आणि तो झाडणार कधी, तर त्याला कोणी धमकी न देता, त्याची लाज न काढता, त्याच्या सणाच्या भाषेत सांगितलं तर. गेडिस पाडापाडीच्या विरुद्ध होता, शस्त्रक्रियेचीच भाषा वापरायचा, कापायचंच तर कमीत कमी कापा. मला गोळी कमी करणारे ते डॉक्टर आणि हा माणूस एकाच जातीचे वाटतात.

तेव्हा हार घातलेल्या त्या सफाई कामगारांना आरोग्य कर्मचारी म्हणायचं की नाही? मी तर म्हणेन. २०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, त्याची आम्ही इतकी फुशारकी मारतो की बाहेरचे पाहुणे कंटाळतात, पण पहाटे मी निघते तेव्हा रस्ते झाडून झालेले असतात, झाडणाऱ्या बायका चौकात चहा पीत बसलेल्या असतात, आणि त्यांच्यातल्या कितींचा खोकला जात नाही ते कोणी विचारत नाही. फुल बॉडी पॅकेज त्यांना कोणी गिफ्ट देत नाही. तसंच पाणी. नर्मदेचं पाणी जलूदहून, सत्तरएक किलोमीटर लांबून, चढ चढवून आणतात, १९७८ पासून, त्यासाठी लोकांनी आंदोलन केलं होतं, आमच्या घरी त्याच्या गोष्टी अजून सांगतात. त्या पाइपने इंदूरच्या पोटाचे किती आजार वाचवले असतील ते कुठल्याच रिपोर्टमध्ये बोल्ड येत नाही. आणि पाइप कुठे फुटला, गटारीचं त्यात मिसळलं, की सगळ्यात आधी कळतं ते लॅबला आणि मोहल्ल्यातल्या आशा ताईला.

आशाचं तर काय सांगावं. २००५ पासून आहेत, देशात दहा लाखांच्या आसपास, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना पुरस्कार दिला, आणि आपल्याकडे कागदावर त्या अजून स्वयंसेविका, पगार नाही, थोडंसं ठरलेलं मानधन आणि बाकी कामाप्रमाणे पैसे. डिलिव्हरीला नेलं इतके, लसीकरण झालं इतके. म्हणजे काकूंसारख्या बाईजवळ अर्धा तास बसून ऐकलं तर त्याचे शून्य. आमच्यासारख्यांचं, लॅब, फिजिओ, डाएटिशियन वगैरेंचं, २०२१ मध्ये केंद्राने कायदा करून कमिशन आणि राज्यांची कौन्सिल आणली, रजिस्टर होणार, शिक्षण एकसारखं होणार, चांगलंच आहे, मी स्वतः वाट बघतेय. पण रजिस्टरमध्ये नाव आलं म्हणून कोणी विचारायला लागेल असं नाही.

मी काय करते? फार नाही. काकूंकडे जाते तेव्हा ती फेरी मुद्दाम शेवटी लावते म्हणजे पुढची घाई नसते. फिजिओवाल्या मुलाला सांगितलं की काकांबरोबर काकूंना पण पाठीचे दोन व्यायाम दाखव, उचलायची पद्धत दाखव, त्याने दाखवली, एक जाड चादर खाली घालून सरकवायचं, उचलायचं नाहीच. मुलीला फोन करून म्हटलं की महिन्यातून चार दिवस अटेंडंटचे पैसे पाठव, पॅकेज नको. ती आधी चिडली माझ्यावर, हे तुमचं काम आहे का म्हणाली. मग पाठवले. काकू मागच्या महिन्यात खंडव्याला जाऊन आल्या.

टेस्ट करूच नका असं मी म्हणत नाहीये, माझं पोट त्याच्यावर आहे. आधी कोणाला तरी दाखवा, त्याने लिहून दिलेली करा, आणि रिपोर्ट आला की पीडीएफ ग्रुपवर टाकायच्या आधी त्याच माणसाकडे परत जा. आणि हो, फास्टिंग म्हणजे जेवण बंद, पाणी बंद नाही! साधं पाणी चालतं, चांगलं दोन ग्लास पिऊन बसा, नाहीतर शीर सापडत नाही आणि मग दोनदा टोचलं म्हणून गुगलवर आम्हाला एक स्टार देता.